नकाशातली खालची आळी

आपल्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी काही ना काही जपून ठेवलेले असते. कुणाकडे बाबासाहेबांचा जुना फोटो, कुणाकडे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. माझ्या उमरग्याच्या घरी ट्रंकेत एका गावाच्या नकाशाची घडी आहे. अमोनिया प्रिंट म्हणतात तिला. रेघा मूळच्या निळ्या, आता जांभळट पडल्या आहेत. त्या रेघांतल्या बऱ्याचशा माझ्या हातच्या आहेत. याविषयी मी पुष्कळ वर्षे कुणाजवळ बोललो नाही. पण हल्ली आपली मुले-मुली इंजिनिअर, वकील, नर्स, तलाठी होतात आणि सुटीत गावी आली की "गावच्या आराखड्यात आपण कशाला पडायचे, ते पुढाऱ्यांचे काम" असे म्हणून मोकळी होतात. मीही एकदा असाच मोकळा झालो होतो, म्हणून लिहायला बसलो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक थकून झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण आमच्या बाजूची सास्तूर, होळी, राजेगाव ही गावेही तशीच मातीत मिळाली. आमचे गाव त्याच तेरणेच्या खोऱ्यातले, तेव्हा उमरगा तालुक्यात, आता लोहारा तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही.

माणसे एवढी का मेली, हे मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकापेक्षा ढिगारे उपसताना जास्त कळले. आमच्याकडे मोठ्या घरांच्या भिंती दोन-अडीच हात जाडीच्या. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. वर लाकडावर पसरलेले मातीचे माळवद, दरवर्षी पावसाआधी त्यावर आणखी एक थर. ऊन लागत नाही म्हणून ज्या घराचे कौतुक व्हायचे, तेच घर घडीत अंगावर आले. आमच्या वस्तीत बहुतेक कुडाची आणि पत्र्याची घरे. ती पडली तरी माणूस खालून निघत होता. गरिबीने जीव वाचवला, असे म्हणायचे आणि मान खाली घालायची, अशी ती वेळ. तरी माझी धाकटी चुलती गेली. तिच्या घराला एक भिंत दगडाची होती.

मी लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा करून नुकताच घरी बसलो होतो. नव्या गावांचे आराखडे सुरू झाले तेव्हा नकाशे ट्रेस करायला हात हवे होते. एका खासगी सल्लागाराच्या तंबूवजा कार्यालयात मला रोजंदारीवर घेतले. वस्तीतले पहिले शिकलेले पोर सरकारी कामाच्या टेबलावर बसले याचा मायला कोण अभिमान! भेटेल त्याला सांगायची, "आमचा पोरगा गाव काढायलाय कागदावर."

जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम घेतला, त्यात बावन्न गावे पूर्ण उठवून दुसरीकडे बसवायची ठरली होती. घरांचे तीन प्रकार. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५० चौरस फुटांचे घर. अ, ब, क. कागदावर जातीचा शब्द कुठेही नाही. पण सातबारा ज्याच्या नावावर नाही तो आमच्या गावात कोण होता, हे सांगायला कागद लागत नव्हता.

ट्रेसिंगचे काम कसे असते ते नव्या पिढीला ठाऊक नसेल. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर मूळ कागद, त्यावर ट्रेसिंग पेपर, हातात शाईचे पेन. रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने ती हळूच खरवडायची, बोटाने घासायची आणि पुन्हा काढायची. मोजणीवाल्यांनी जमिनीची उंची जागोजागी आकड्यांत लिहिलेली असे, ते आकडेही मीच उतरवत होतो. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, खालच्या अंगाला ओढा. दोन्हींच्या मध्ये सुमारे तीन मीटरचा उतार. साहेबांनी आधी मोठे प्लॉट बसवले, कारण त्यांना जागा जास्त लागते आणि ट्रॅक्टर-बैलगाडीला रस्ता जवळ हवा. मग मधले. उरलेल्या पट्ट्यात लहान प्लॉट आपोआप मावतात. अशा रीतीने अ प्रकारच्या तीन ओळी ओढ्याच्या काठाला आल्या.

यात कुणी डाव केला असे मी आजही म्हणत नाही. साहेब परजिल्ह्यातले, स्वभावाने चांगले, रात्री स्वतः चहा करून आम्हाला द्यायचे. त्यांना जुन्या गावातली खालची आळी कोणती हेही ठाऊक नव्हते. मला ते ठाऊक होते. जुन्या गावात पावसाळ्यात सगळ्या गावाचे पाणी आमच्या दारातून वाहायचे, आणि टेबलावर दिव्याच्या उजेडात तेच पाणी त्या आकड्यांवरून मला उतरताना दिसत होते. माझ्या हातात ब्लेड होते. साहेब दोन हातांवर बसलेले. "साहेब, ह्या तीन ओळी वर घेता येतील का?" एवढे एक वाक्य. ते माझ्या तोंडून निघाले नाही. मी रोजंदारीवरचा माणूस, उद्या बोलावले नाही तर? आणि दुसरे, खरे कारण असे की आपण शिकलो आहोत, आता वस्तीची भाषा बोलायची नाही, असे मला त्या टेबलावर वाटत होते. रेघा मी सरळ काढल्या. साहेबांनी हात चांगला आहे म्हणून पाठ थोपटली.

पुढे ग्रामसभा झाली. शाळेच्या तंबूच्या कनातीला प्रिंट टाचण्यांनी लावली. पुढे गावातले मोठे लोक, मागे बायका, त्याच्याही मागे आमचे लोक. साहेबांनी सगळे समजावून सांगितले, शेवटी "कुणाला काही विचारायचे आहे का?" असेही विचारले. नियमाने सगळे झाले. सभा उठल्यावर आमचे बापूकाका हळूच जवळ आले.

"आपलं कुठं हाय रं ह्यात?"

मी बोट ठेवले.

"वढ्याकडं व्हय?" क्षणभर ते नकाशाकडे बघत राहिले. "बरं."

भांडण केले असते तर मला बरे वाटले असते.

नव्या गावात राहायला गेलो. सिमेंटचे घर, लोखंडाची खिडकी, सगळ्यांना आनंद. गाव जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेले. रुंद सरळ रस्ते. पण बायका म्हणू लागल्या, शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली नाही, पाण्याला आणि दळणाला किती चालायचे? पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या सगळ्या रुंद रस्त्यांचे पाणी आमच्या तीन ओळींत आले. घराखाली काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आटते आणि तिच्याबरोबर फरशी हलते. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या जोत्याला करंगळी जाईल एवढी भेग पडली. माय भेगेत शेणमाती भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नकाशा तूच काढला नव्हं?"

एवढेच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

१९९६ साली माझे लग्न झाले. पत्नीचे माहेर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावचे. ते गाव उठवायचे नव्हते, तिथे घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. अशा गावांत घरमालकाने स्वतः गवंडी लावून काम करायचे आणि शासनाने हप्त्याहप्त्याने अनुदान द्यायचे, अशी पद्धत होती. लोकांना हे समजावून सांगायला स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. माझी पत्नी दहावी शिकलेली, तीही त्यात होती. दारोदार जाऊन माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, सिमेंटवर इतके दिवस पाणी मारा, असे ती सांगायची. गवंड्याला "रेती धुतली का?" असे विचारणारी विशीतली पोरगी! सुरुवातीला पुरुष हसायचे म्हणे. पुढे हप्ता अडला की तेच पुरुष तिच्या दारात उभे राहायचे.

लग्नानंतर काही दिवसांनी मी तिला ती प्रिंट दाखवली आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, ह्यात पाण्याची टाकी कुठं?" मी दाखवली. "आणि आपलं घर?" तेही दाखवले. तिने बोटाने वाट काढली. "चढ हाय. भरली घागर घेऊन खाली यायचं आन् रिकामी घेऊन वर जायचं, तेवढं बरं झालं. पण पावसाळ्यात भरली घागर घेऊन चिखलात पाय घसरणार." डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी मला नकाशा असा वाचायला शिकवला नव्हता. मोजणीचे आकडे मला पाठ होते; घागर कुणाच्या कमरेवर आहे ते मी बघितलेच नव्हते.

तेव्हापासून माझे या कामात पडणे सुरू झाले, पण मोठ्या निश्चयाने वगैरे नाही, लाजेकाजेने. उमरग्याला मी लहानसे कार्यालय टाकले होते. घरांचे नकाशे, अंदाजपत्रके, बँकेसाठी मूल्यांकन. गावाकडचा माणूस आला की बसवून घ्यायचा आणि विचारायचे, ग्रामसभेत काय ठरले? बहुधा उत्तर यायचे, "झाली म्हनत्यात सभा."

पहिले काम केले ते मोजण्याचे. आपल्या वस्त्यांसाठी जुनी दलितवस्ती सुधार योजना आहे, तिचे पुढे नाव बदलले. तिच्यासाठी ग्रामपंचायतीने वस्तीचा पाच वर्षांचा बृहत आराखडा करायचा असतो आणि वस्तीच्या लोकसंख्येचे टप्पे पाडून निधी ठरतो. आमच्या वस्तीची संख्या कागदावर जुनीच लावलेली होती. मी आणि पत्नी दोन रविवार घरोघर फिरलो. पुण्याला कंपनीत गेलेली पोरे धरायची की नाही यावर वाद झाले. शेवटी रेशनकार्ड आणि मतदार यादी समोर ठेवून नावे लिहिली. आकडा वरच्या टप्प्यात गेला. ग्रामसेवकाने तो यादीसह मान्य केला, कारण यादीवर घरोघरच्या सह्या-अंगठे होते. तोंडी सांगितले असते तर "बघू" म्हणाला असता.

मग आला २०१५ चा 'आमचं गाव, आमचा विकास'. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला आणि गावाने स्वतःचा विकास आराखडा करावा असे ठरले. शिवारफेरी काढायची, जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा, महिलांची सभा आधी घ्यायची, मग ग्रामसभा. आमच्या गावी गावातले शिकलेले, निवृत्त कर्मचारी यांना बोलवायचे तेव्हा सरपंचांनी मलाही फोन केला. "तुम्ही इंजिनिअर, या." एवढ्या वर्षांनी 'तुम्ही' ऐकले!

नकाशा शाळेच्या पटांगणात रांगोळीने काढला. मी बाजूला उभा राहिलो आणि बायकांना सांगितले, तुम्ही काढा. त्यांनी आधी पाणी काढले. निळी रांगोळी वरच्या रस्त्यांवरून थेट आमच्या तीन ओळींत आणली आणि तिथे एवढी ओतली की ढीग झाला. वरच्या आळीतली एक म्हातारी म्हणाली, "एवढं पाणी जातंय व्हय तुमच्याकडं?" वीस-बावीस वर्षे एका गावात राहून तिला ते पहिल्यांदाच दिसत होते, आणि मला वाटते ती खोटे बोलत नव्हती.

आता गंमत ऐका. मला वाटले होते, भांडण वरच्या आळीशी होईल. झाले ते घरातच. वस्तीतल्या तरुणांना त्या पैशातून वस्तीच्या तोंडाशी कमान आणि आत सभागृह हवे होते. मला हवी होती गटार आणि तीही वरपासून, उतार धरून. मी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची उंची त्यांना दाखवली. दोनशे फुटांना एक फूट तरी उतार मिळाला पाहिजे, नाहीतर गटार म्हणजे लांब हौद होईल, असे सांगितले. एक पोरगा उठून म्हणाला, "काका, तुम्ही उमरग्यात स्लॅबखाली राहता. आम्हाला वर मान करून बघता येईल असं एक तरी काही गावात असू द्या."

मला त्याचा राग आला. रात्री घरी आल्यावर राग गेला. दुसऱ्या गावातून येताना आपल्या वस्तीची खूण दिसावी असे त्या पोराला वाटणे चुकीचे कसे म्हणू? जयंतीला बसायला जागा नसते, लेकीबाळींची लग्ने रस्त्यावर मांडव घालून होतात. पण वाहते पाणी कमानीखालूनही येतेच. मी सभेत पुन्हा बोललो, तेव्हा पत्नी मधूनच म्हणाली, "महिला सभेत काय ठरलं ते वाचा की आधी." कार्यवृत्ताच्या वहीत गटार पहिल्या क्रमांकावर लिहिलेली होती. कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा का ठेवली आहे, हे मला त्या दिवशी नीट समजले. तरीही बहुमताने सभागृह आधी आणि गटार पुढल्या वर्षी असे ठरले. सभागृहाचा नकाशा मीच काढून दिला, पैसे न घेता. जोते मात्र दोन फूट वर उचलायला लावले, आणि पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत नेला. गटारीला दोन वर्षे लागली. ठेकेदाराने मधल्या टप्प्यात उतार उलटा दिला होता. नळी घेऊन त्याच पोराने तो पकडला आणि मोजमाप पुस्तकात नोंद होण्याआधी दुरुस्त करायला लावला. हल्ली तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. अजून मला "उमरग्याचे काका" म्हणूनच हाक मारतो.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि पाटबंधारे, वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते, हे आपल्या घरांत कमी सांगितले जाते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या वर्षांतली. धरण कुठे, कालवा कुठे, वीज कुणाला, या टेबलावर ते बसले होते. आम्ही मात्र जयंतीला त्यांच्या हातातल्या पुस्तकाला हार घालतो आणि आमच्या गावच्या आराखड्याची बैठक असली की कामाचे निमित्त सांगतो. मी दुसऱ्याला बोलत नाही, स्वतःलाच बोलतो आहे.

गावाचा आराखडा पंचायत समितीकडे जातो, जिल्ह्याची मोठी कामे पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीत ठरतात. २०१८ साली केंद्राने आमचा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला, त्याचेही आकडे वर पाठवले जातात. त्या पायऱ्यांवर माझ्यासारख्याचा हात पोचत नाही आणि पोचल्याचा आव मी आणत नाही. मला एवढे कळते की वर जाणारा कागद खालच्या वहीतून निघतो. त्या वहीत नसलेले काम वर कुणाला दिसत नाही.

आमच्या वहीत अजून एक काम आलेले नाही. नव्या नकाशात साऱ्या गावाची मिळून एकच स्मशानभूमी दाखवली होती. ती जागा मीच छोट्या आडव्या रेघांनी भरली होती. पण वस्तीतले पहिले माणूस वारले तेव्हा "तुमची जुनी जागा आहे ना" असे सांगण्यात आले. दुःखाच्या घरी कोण भांडणार? तेव्हापासून आमचे मुडदे जुन्या गावाकडे जातात. वाट दोन शेतांच्या बांधावरून. पेरणी झाली की तिरडी खांद्यावर घेऊन माणसे एकामागे एक चालतात. गेल्या पावसाळ्यात बापूकाकांना नेताना पुढचा माणूस चिखलात गुडघ्यावर आला. ही वाट नव्या नकाशात नाही. जुन्या गावनकाशावर तुटक रेघेची पायवाट आहे, ती मी भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल काढून पाहिली. वस्तीचे म्हणणे दोन तऱ्हेचे आहे. काहींना ही वाट पक्की हवी. काहींचे म्हणणे, जुनी वाट मागितली की नवी स्मशानभूमी आपण कायमची सोडली असे होईल. मी दोन्ही अर्ज लिहून दिले आहेत. नव्या जागेवर सर्वांचा हक्क आहे असा ठराव घ्यावा, हा एक. जुन्या वाटेची मोजणी व्हावी, हा दुसरा. ठराव दोन ग्रामसभांत पुढे ढकलला गेला. मोजणीची फी भरली आहे.

मोजणीदार येईल त्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघायचे आहे. पिशवीत नक्कल, जुनी प्रिंट आणि टेप. माय आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघे दुखतात, तरी बरोबर येणार म्हणते. वाट कोणत्या बांधावरून जात होती, चिंच कुठे होती, हे तिला ठाऊक आहे. मी म्हटले, "माय, नकाशात आहे ते." ती म्हणाली, "असू दे. म्या दावते."